पट्टा दंडाला लागला की धडधड

प्रश्न : दवाखान्यात माझं बीपी १६०च्या वर, घरी १२६. पट्टा दिसला तरी छातीत धडधडतं. – एक वाचक, चिक्कडपल्ली, हैदराबाद

उत्तर : ताई, भीतीनं अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि दाब खरोखरच चढतो, हा मनाचा खेळ नव्हे. आरटीसी क्रॉस रोडच्या गर्दीतून येऊन लगेच दंड पुढे करू नका. अर्धा तास आधी चहा नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पुन्हा मोजायला सांगा. पहिला आकडा बहुधा चढाच येतो.

घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. सरासरी १३५/८५च्या आत असली तरी वही डॉक्टरांना दाखवाच. सारखं मोजत बसू नका, त्यानं धास्ती वाढते. चालू गोळी मात्र स्वतःहून सोडू नका.