दोन घरचा पाहुणा उपाशी : भाड्याच्या ट्रॅक्टरचा ऑईल फिल्टर



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे तोडणी-वाहतुकीच्या करारांची धांदल उडते. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे ते स्वतःचा घालतात. ज्यांची टोळी ठरलेली आहे पण ट्रॅक्टर नाही, ते कुणाचा तरी हंगामापुरता भाड्याने घेतात. भाडे ठरते, डिझेल कुणाचे ते ठरते, ड्रायव्हरचा पगार आणि जेवण कुणाकडे तेही ठरते. ट्रॉलीचे टायर लाथ मारून पाहिले जातात. एवढ्या बोलण्यात एक गोष्ट मात्र कुणाच्याच तोंडी येत नाही. इंजिनाचे ऑईल आणि त्याचा फिल्टर कोण बदलणार, आणि कधी?

मालक म्हणतो, वापरणारा बदलेल. वापरणारा म्हणतो, ट्रॅक्टर काय माझा आहे? आणि ड्रायव्हरला तर कुणी काही सांगितलेलेच नसते. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसा हा फिल्टर.

आपल्याच भागातील एक प्रकरण सांगतो, नावे अर्थातच देत नाही. एका सभासदाने बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे आपल्या दाजींचा, ट्रॅक्टर दिवाळीनंतर वाहतुकीसाठी भाड्याने नेला. घरचाच व्यवहार, म्हणून कागद काही केला नाही. ट्रॅक्टर चांगला चालला. ऑईल कमी दिसले की ड्रायव्हर वरून अर्धा-एक लिटर ओतायचा आणि पुढच्या खेपेला निघायचा. फेब्रुवारीत एके संध्याकाळी दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढताना इंजिनातून ठोके येऊ लागले. ड्रायव्हरने तसाच वर काढला. चढ संपता संपता इंजिन जाम झाले.

इंजिन उघडल्यावर दिसले ते असे : मेटल घासून गेलेले, क्रँकवर नखाला लागतील अशा रेघा, आणि फिल्टरमधला कागद दबून, काळ्या चिखलाने भरून गेलेला. तो फिल्टर दिवाळीच्या आधीचाच होता. ट्रॉल्यांतला ऊस दुसऱ्या ट्रॅक्टरने कारखान्यावर येईपर्यंत दोन दिवस गेले. तोडलेला ऊस ठेवला की वजनात आणि साखरेत दोन्हीकडे घटतो, हे आपणांस वेगळे सांगायला नको. दहा कोयत्यांची टोळी फडात बसून राहिली. त्यांचा रोज बुडाला, त्याची भरपाई कुणी दिली नाही.

मग बोलाचाली सुरू झाली. दाजी म्हणाले, "देताना मी ऑईल नवं टाकून दिलं होतं. वापरलं तुम्ही." मेहुणा म्हणाला, "दाजी, भाडं मी रोख मोजलंय. गाडीची निगा मालकाची." दोघांचेही म्हणणे ऐकताना खरेच वाटते, हीच तर पंचाईत. क्रँक ग्राइंडिंग, नवीन मेटल, पिस्टन-लायनर आणि मजुरी मिळून खर्च लाखाच्या घरात गेला. वेळच्या वेळी बदलला असता तर फिल्टरला काही शे रुपये लागले असते. पुढच्या भाऊबीजेला बहीण माहेरी आली नाही.

आता फिल्टर नेमके काय करतो ते पाहू. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये ऑईल साठलेले असते. पंप ते जाळीतून ओढतो आणि फिल्टरमधून ढकलून क्रँकच्या बेअरिंगांकडे पाठवतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑईलचा जो थर असतो तो काही मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरतात. म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ अशा त्या थरावर आपल्या उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढल्या जातात म्हणा ना. त्या थरात वाळूचा कण किंवा लोखंडाचा कीस शिरला तर तो मऊ मेटलमध्ये रुतून बसतो आणि क्रँकला कानशीसारखा घासत राहतो. हे कण अडवणे एवढेच घड्या घातलेल्या त्या कागदाचे काम.

कागद भरत गेला की ऑईल जाईनासे होते. इंजिनाला ऑईलच न मिळणे हे घाण ऑईल मिळण्यापेक्षा वाईट. म्हणून बनवणाऱ्यांनी एक आडवाट ठेवलेली आहे. फिल्टरमध्ये किंवा तो बसतो त्या डोक्यात स्प्रिंगचा एक वॉल्व असतो, त्याला बायपास म्हणतात. फिल्टर तुंबला की तो उघडतो आणि ऑईल न गाळता सरळ पुढे जाते.

हे नीट ध्यानात घ्यावे, कारण घोटाळा इथेच होतो. पुष्कळ जण म्हणतात, "दिवा लागला की बघू." पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑईलचा दाब पाहतो, ऑईलची घाण पाहत नाही. बायपास उघडला की दाब जवळजवळ पहिल्यासारखाच राहतो आणि दिवा विझलेलाच राहतो. महिना महिना गाळच इंजिनातून फिरतो आणि समोर सगळे ठीक दिसते. घासलेल्या मेटलमधून ऑईल निसटू लागून दाब पडला की मगच दिवा लुकलुकतो, बहुधा गरम इंजिन मंद चालत असताना. तेव्हा फिल्टर बदलून उपयोग नसतो. वरच्या प्रकरणातही ड्रायव्हरने आदल्या दिवशी दिवा लुकलुकताना पाहिला होता. त्याला वाटले, वायर ढिली असेल.

दुसरा गैरसमज तासांचा. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग किलोमीटरवर नसते, इंजिन चालल्याच्या तासांवर असते. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत ऑईल आणि फिल्टर २५० तासांनी बदला असे सांगितलेले असते, काहींत त्याहून कमी. ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत पाहावे. घरच्या शेतीत २५० तास व्हायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे "वर्षातून एकदा-दोनदा बदलतो" ही सवय पडलेली असते. हंगामात मात्र ट्रॅक्टर दिवसाला १२ तास सहज चालतो. म्हणजे २५० तास अवघ्या तीन आठवड्यांत भरतात, आणि १२० दिवसांच्या हंगामात पाच ते सहा वेळा फिल्टर बदलावा लागतो. मालकाने "नवं टाकून दिलं होतं" हे खरे असले तरी ते पहिल्या तीन आठवड्यांपुरतेच खरे.

त्यात आणखी एक गोम आहे. जुन्या ट्रॅक्टरांचा अवर मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक वेगाला तो बरोबर तास दाखवतो, पण इंजिन मंद चालू असले की घड्याळाच्या एका तासाला मीटर त्याहून बराच कमी सरकतो. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन चालूच ठेवणारे ड्रायव्हर आपण रोज पाहतो. मंद चालीत जळण नीट होत नाही, काजळी ऑईलमध्ये उतरते, आणि मीटर मात्र झोपा काढतो. तेव्हा रांगेत इंजिन बंद करावे हे उत्तम. नाहीतर निदान तास मोजताना ते धरावेत.

शिवाय फडातले रस्ते आपल्याला माहीत आहेतच. टाचभर फुफाट्यातून पुढची गाडी जाते आणि मागच्याचे इंजिन तो सगळा फुफाटा ओढते. एअर फिल्टरच्या वाटीतले ऑईल रोज पाहिले नाही तर ती माती आत जाऊन शेवटी ऑईल फिल्टरवरच येते. रेडिएटरला चिकटलेले पाचटही रोज झाडावे. इंजिन तापले की ऑईल पातळ होते.

ऑईल बोटावर घेऊन "काळं झालं, बदला" किंवा "अजून बरं आहे" असे ठरवणारे मिस्त्री बरेच आहेत. डिझेल इंजिनात ऑईल टाकल्यावर थोड्याच तासांत काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. रंगावरून काही कळत नाही. पांढरट, दुधासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे. पट्टीवर पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरते आहे. या दोन्ही वेळा ट्रॅक्टर थांबवावा.

काही जण फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवतात. ही काटकसर नव्हे. कागदाच्या घड्यांत रुतलेली घाण धुऊन निघत नाही, उलट कागद फाटतो. काही जण ऑईल बदलतात आणि फिल्टर जुनाच ठेवतात. त्यात राहिलेले जुने ऑईल आणि गाळ नव्यात मिसळतो. डुप्लिकेट फिल्टर तर बाजारात भरपूर. वरून रंग, अक्षरे तंतोतंत, आत कागद कमी आणि रबर हलके. पावतीसह माहितीच्या दुकानातूनच घ्यावा.

बदलण्याची रीत अवघड नाही, पण घाई नको. इंजिन थोडे गरम असताना ट्रॅक्टर सपाट जागी लावून बंद करावा, चेंबरचा नट काढून ऑईल पूर्ण गळू द्यावे. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. ती राहिली आणि तिच्यावर दुसरी रिंग बसली तर पुढच्या खेपेला रस्त्यावर सगळे ऑईल सांडलेच म्हणून समजा. नव्या रिंगला बोटाने ऑईल लावावे. फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर रिंग टेकल्यानंतर हातानेच पाऊण फेरा आवळावा. पान्याने आवळू नये. ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचेच भरावे. सुरू केल्यावर दिवा विझेपर्यंत रेस देऊ नये. गळती पाहून, बंद करून, दहा मिनिटांनी पट्टी पाहावी आणि कमी असेल तेवढे भरावे, कारण नवा फिल्टर काही ऑईल पोटात घेतो. जुने ऑईल चारीत किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात साठवून वर्कशॉपच्या पिंपात आणावे.

आता जबाबदारीचे. भारतीय करार कायदा १८७२ याच्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायची असते. कलम १५० प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान झाले तर देणारा जबाबदार असतो, दोष त्याला माहीत असो वा नसो. दोन्ही कलमे रास्त आहेत. पण हंगामाच्या मध्यात कोर्टात कोण जाणार, आणि तेही बहिणीच्या घराविरुद्ध? म्हणून ट्रॅक्टर हलवण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : आजचे मीटर किती, फिल्टर कोणत्या तारखेला बदलला, पुढे किती तासांनी बदलायचा, पैसे कुणाचे आणि हात कुणाचा. माझे मत विचाराल तर ऑईल-फिल्टरचे पैसे मालकाने भाड्यातून वळते करून द्यावेत आणि बदलण्याचे काम वापरणाऱ्याने करावे. तासांचा हिशेब त्याच्याच डोळ्यांसमोर असतो. कागदावर दोघांच्या सह्या आणि ड्रायव्हरला वाचून दाखवल्याची नोंद असावी.

जुना फिल्टर मात्र टाकून देऊ नये. त्यावर खडूने तारीख आणि तास लिहून मालकाला दाखवेपर्यंत ठेवावा. जमल्यास डबा कापून कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहाव्यात. नुसती काजळी असेल तर ठीक. लोहचुंबकाला चिकटणारा कीस किंवा तांबूस, चकचकीत कण दिसले तर मेटल जाऊ लागले आहे. ट्रॅक्टर त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्यावा, ट्रॉली भरलेली असली तरी.