पाचपट कशाच्या?

शहापूर

चि. बाळ,

पत्र वाचलं. प्रकल्पात जाणाऱ्या तुमच्या मुरबाडच्या जमिनीसाठी थेट खरेदीच्या संमतीचा कागद आलाय आणि एजंट रोज दारात येऊन म्हणतोय, "पाचपट मिळतील, सही नाही केली तर २५ टक्के गेले." सही करू नकोस असं मी म्हणणार नाही. पण आधी त्याचं वाक्य उलटं मांडून बघ.

आमच्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा हाच हिशेब गावोगाव फिरला. २०१३च्या भूसंपादन कायद्याने तेव्हा ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपट, थेट खरेदीत त्यावर २५ टक्के, म्हणजे पाचपट. "२५ टक्के जास्त मिळतील" ऐकलं की माणूस घरात विचारतो. "गेले" ऐकलं की धस्स होतं आणि पेन हातात येतं. रक्कम मात्र तीच. शिवाय १०० वर २५ वाढले तर ते २५ टक्के, पण १२५ मधून २५ गेले तर ते २० टक्केच.

खरा प्रश्न पाचपट कशाच्या, हा. बाजारभाव धरतात रेडीरेकनरवरून किंवा मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांवरून, जास्त असेल तो. खरेदीखतात रक्कम कमी दाखवली गेली असेल, तर पाचाने गुणूनही आकडा कमीच राहणार. तुझ्या प्रकल्पाला बाजारभावाचा गुणक किती लावलाय, तेही प्रांत कार्यालयात लेखी विचार. आणि खरेदीखत करून दिलं की भाव तू मान्य केलास. सक्तीच्या संपादनात निवाडा अमान्य असेल तर वाढीव मोबदला मागता येतो. एजंट हे सांगत नाही.

घाबरलास याची लाज वाटून घेऊ नकोस, शब्द बदलले की डॉक्टरांचंही असंच होतं. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना फुप्फुसाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असं विचारलं होतं. "शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात १०० पैकी ९० जगतात" असं सांगितलं तेव्हा ८४ टक्क्यांनी शस्त्रक्रिया निवडली. "१० मरतात" म्हटल्यावर ५० टक्क्यांनीच.

भाताची लावणी कधी करायची, हे तुझं मन बरोबर सांगतं, कारण दरवर्षी पाऊस त्याची चूक दाखवतो. वडिलोपार्जित जमीन आयुष्यात एकदाच जाते. तिथे मनाला सराव कुठून असणार? तिथे कागद, पेन्सिल आणि वेळ लागतो. नोटिशीवरची मुदत स्वतः वाच, एजंटची धरू नकोस.

सातबाऱ्यावर ताईचंही नाव आहे. तिला "२५ टक्के जास्त मिळतील" आणि "२५ टक्के गेले" ही दोन्ही वाक्यं वाचून दाखव आणि ती काय म्हणते ते कळव. नोटिशीची झेरॉक्स सोबत पाठव.

तुझा,
मामा