पंचनाम्यात न येणारं नुकसान

आग विझली की दुसऱ्या दिवशी तलाठी येतात. भांडीकुंडी, धान्य, पत्रे, कपाट, शिलाई मशीन, सगळं कागदावर चढतं, खाली पंचांच्या सह्या होतात. आपल्या चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात अशा वेळी गाव मागे हटत नाही. संध्याकाळपर्यंत तांदूळ, चादरी, मुलांचे कपडे जमा होतात. पण त्या घरातल्या माणसांच्या अंगात जे नुकसान गेलेलं असतं ते कागदावर येत नाही, आणि छप्पर उभं करायच्या घाईत त्याकडे बघायला कुणाला सवडही नसते. छप्पर दोन-तीन महिन्यांत उभं राहतं. भाजलेली कातडी निवायला दीड-दोन वर्षं लागतात.

प्रथमोपचाराचं आधी उरकतो, कारण त्यात चुका त्याच त्या होतात. भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. नळ नसेल तर विहिरीचं पाणी तांब्याने ओतत राहा. पहिल्या तीन तासांत कधीही केलं तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काही नको. आम्हाला ते खरवडून काढावं लागतं आणि रुग्ण दुसऱ्यांदा सोसतो. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. नायलॉनचं जाळं किंवा साडी वितळून कातडीला चिकटली असेल तर ओढू नका, वरून पाणी घाला. मग धुतलेल्या सुती कपड्यात झाकून १०८ला फोन करा. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. असे दहा तळवे किंवा त्याहून जास्त भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजलं असेल, तर जळितांचा वेगळा विभागच हवा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याहून कमी भाजलं तरी तिथेच न्या. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात सलाईन आणि ड्रेसिंग करून पुढे पाठवतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे. मुंबईचं कस्तुरबा किंवा ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर गाठावं लागलं, तर तेवढा प्रवास रुग्णाला सोसावा म्हणून.

‘देवाची कृपा, कुणाला भाजलं नाही’ हे वाक्य ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारतो: धुरात किती वेळ होता? आताच्या घरात फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जाळी, दोर असं बरंच असतं. त्यांच्या धुराने श्वासनलिका आतून भाजते आणि पहिल्या दिवस-दीड दिवसात हळूहळू सुजते. आवाज बसला, थुंकीत काजळी आली, नाकातले केस करपले, तर माणूस चालता-बोलता असला तरी रुग्णालयात न्या. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, गुंगी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यायचा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. कोविडपासून घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर या दोघांतला फरक ओळखत नाही. आतून गुदमरलेल्या माणसालाही तो अठ्ठ्याण्णव दाखवतो. त्या आकड्यावर जाऊ नका. गरोदर बाई धुरात सापडली असेल तर तिला बरं वाटत असलं तरी तपासणी हवीच, कारण हा वायू बाळापर्यंत पोचतो.

आता मुख्य गोष्ट. जखम भरली की घरचे म्हणतात, सुटलो. खरं तर दुखणं तिथून कूस बदलतं. दीड-दोन महिन्यांनी व्रण लाल होतो, उचलतो, कडक होतो आणि खाजतो. रुग्ण ज्या अवस्थेत आराम वाटतो तशीच मान, कोपर, बोटं धरून बसतो, आणि ती तशीच जखडतात. मान भाजलेल्याला उशी द्यायची नाही, हे सासूबाईंना पटवणं हे माझ्या कामातलं अवघड काम आहे. उशी दिली की हनुवटी छातीकडे ओढली जाते. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी बांधून घ्या आणि व्यायाम दुखतोय म्हणून सोडू नका. आपल्याकडे घराच्या पडवीत डायचं काम करणारी किती कुटुंबं आहेत! पोलादावर बारीक नक्षी कोरणाऱ्या कारागिराचं एक बोट वाकडं राहिलं तर धंदाच गेला. जळालेली मशीन कर्ज काढून घेता येते.

व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे शिवून मिळतात. ते अंघोळ आणि मालिश सोडून दिवसरात्र, साधारण तेवीस तास घालायचे असतात. आपल्या समुद्रकाठच्या मे महिन्यात ही शिक्षा आहे, मान्य. दोन जोड घ्या, रोज धुवा. उकाडा आहे म्हणून महिनाभर काढून ठेवलेत तर केलेलं वाया जातं. कातडी पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलाने हलकी मालिश करा, ऊन लागू देऊ नका. मुंबईची फेरी म्हणजे वाणगावहून लोकल, सोबत एक माणूस आणि दोघांचा रोज बुडाला. म्हणून तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर लोक जायचं थांबतात. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच खेपेला सांगा की ड्रेसिंग आणि व्यायाम इथे करता येतील असं लिहून द्या. बहुतेक वेळा तसं जमतं.

जेवणाचं पथ्य हा आणखी एक घोळ. ‘मासे, अंडं खाल्लं की जखमेत पू होतो’ म्हणून भाजलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे पेज आणि वरणाचं पाणी. कातडी प्रथिनांतून बनते आणि मोठ्या भाजण्यात प्रथिनांची गरज जवळपास दुप्पट होते. ताजे मासे, अंडी, डाळ, चवळी, दूध, सगळं द्या. सुके बोंबीलही चालतील. रक्तदाब असेल तर भिजवून मीठ काढून.

घरातल्या न भाजलेल्यांची गोळ्यांची डबीही आगीत गेलेली असते. टीबीची, फिटची, सिकलसेलची, रक्तदाबाची औषधं आणि इन्सुलिन त्याच आठवड्यात पुन्हा सुरू व्हायला हवीत. केसपेपर जळाला म्हणून थांबू नका, आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे नोंद असते. आगीतून वाचलेली औषधं, पाकीट धड दिसलं तरी, उष्णतेने बिघडलेली समजा आणि टाकून द्या. धूर लागलेलं धान्यही. सिमेंटचे जुने पत्रे फुटले असतील तर पाणी मारून मगच उचला, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. राख उपसायला पोरांना लावू नका, आणि खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

राहिलं मन. १९४२ साली अमेरिकेत बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. तिथल्या रुग्णालयात एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने वाचलेल्यांशी आणि नातलगांशी बोलून १९४४ साली दुःखाच्या लक्षणांवर निबंध लिहिला. झोप उडणं, अन्न न जाणं, चिडचिड आणि ‘मी त्या वेळी असं केलं असतं तर’ ही अपराधी टोचणी त्याने तेव्हा नोंदवली. आपल्याकडे या टोचणीला वरून माणसं मदत करतात. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कुणाच्या हातून लागली?’ आणि उत्तर बहुधा सुनेच्या नावावर जाऊन थांबतं. हा प्रश्न विचारू नका. कारण शोधायला अग्निशमन दल आणि पोलीस आहेत.

मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला, काडी पेटली की किंचाळला, आईला सोडेना, तर रागावू नका. शाळा लवकर सुरू करा, झोपायची जागा रोज बदलू नका. मोठ्यांचं दारूचं प्रमाण वाढलं तर तेही दुखणंच समजा. महिन्याभरानेही झोप येत नसेल, तेच तेच दिसत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र महिन्याची वाटही पाहू नका.

हा लेख वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांचं घर जळून तीन-चार वर्षं झाली, घर पुन्हा उभं राहिलं आणि मान किंवा कोपर जखडून गेलं ते तसंच आहे. आता काय उपयोग, असं समजून ते पदराखाली झाकून घेतलं जातं. जखडलेला सांधा उशिराही शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन डहाणूच्या रुग्णालयात जा, योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा आणि प्लास्टिक सर्जनकडे पाठवायची चिठ्ठी मागा.