पेटी उघडण्याआधी तिचं दार वाचा : नव्या मधपाळांसाठी पाच मिनिटांचा अभ्यास



मधपेट्या घेऊन महिना झाला की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, पेटी किती दिवसांनी उघडून बघायची?" मी उलट विचारतो, "पेटीच्या दाराशी किती वेळ बसलात?" यावर सगळे गप्प!

मीही यातूनच शिकलोय. पहिल्या वर्षी कौतुकापोटी रोज झाकण काढून बघायचो. पंधरा दिवसांनी एका सकाळी बघतो तर आत नुसती पोळी, माशी एकही नाही. पेटी राहिली, भांडवल उडून गेलं.

आपल्या भागात पेटीत पाळतात ती मुख्यतः सातेरी माशी. आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आज 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. त्याआधी २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळच्या मांघरला हा मान मिळाला होता. सातेरी इथल्या हवेला सरावलेली आहे, पण तिला सारखी ढवळाढवळ चालत नाही. त्रास झाला, खाणं संपलं किंवा मेणकिडा वाढला की अख्खी वसाहत घर सोडते. म्हणून दार वाचायला शिकणं म्हणजे भांडवल सांभाळणं.

बसायचं कुठे, कधी?

दाराच्या समोर नाही, बाजूला. समोर बसलात तर माश्यांचा रस्ता अडतो आणि डंखही बसतो. एकदा सकाळी ऊन आल्यावर आणि एकदा दुपारी, पाच-पाच मिनिटं बसा. सोबत वही ठेवा.

१. पायाला पराग आहे का?

परत येणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर रंगीत गोळ्या दिसतात, तो पराग. सूर्यफुलाचा नारिंगी-पिवळा, मक्याचा फिकट. पराग म्हणजे पिल्लांचा खुराक. तो भरपूर येत असेल तर आत बहुधा राणी अंडी घालतेय आणि पिल्लं वाढतायत. एका मिनिटात परागवाल्या किती आल्या ते मोजा. शेजारच्या पेटीत पराग येतोय आणि हिच्यात दोन-तीन दिवस येतच नाही, तर मात्र पेटी उघडायचं कारण मिळालं.

२. दुपारचा गोंधळ : सराव की लूट?

इथे नवे लोक हमखास घाबरतात. दुपारी अचानक बऱ्याच माश्या बाहेर येऊन, पेटीकडे तोंड करून हेलकावे घेत उडतात. या तरुण माश्या आपलं घर ओळखायला शिकतात. थोड्या वेळात सगळं शांत होतं. काही करू नका.

लूट वेगळी. दुसऱ्या वसाहतीच्या माश्या फटीफटीतून घुसायला बघतात, दारात दोघी-दोघी एकमेकींना धरून लोळतात, खाली मेणाचा चुरा पडतो. हा दंगा लवकर थांबत नाही. लगेच दार अरुंद करा, फटी बुजवा. बऱ्याचदा चूक आपलीच असते : साखरेचा पाक बाहेर सांडलेला असतो. पाक संध्याकाळी द्या, आणि पेटीच्या आतच.

३. दारात उभ्या राहून पंख हलवणाऱ्या

उन्हाळ्यात काही माश्या दारात एका जागी उभ्या राहून पंख हलवतात. हा त्यांचा पंखा. सातेरी तेव्हा डोकं बाहेर ठेवून वारा आत ढकलते. मेलिफेरा उलटी उभी राहून हवा बाहेर काढते. अशा माश्या फार दिसल्या किंवा दाराबाहेर घोस लटकला, तर आधी सावली आणि जवळ पाण्याची सोय करा.

४. नर माश्या वाढल्यात का?

जाडसर, काळपट, मोठ्या डोळ्यांचे ते नर. त्यांना नांगी नसते. फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांची ये-जा वाढली आणि पेटी गच्च भरलेली असेल, तर वसाहत फुटायची तयारी असू शकते. फुटली तर जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन निघून जाते. वेळीच जागा वाढवली किंवा जाणकाराच्या मदतीने वसाहत विभागली, तर एकाच्या दोन पेट्या होतात.

५. दाराखाली काय पडलंय?

चार-दोन मेलेल्या माश्या रोजच्याच. एकदम ढीग दिसला तर आसपास औषध फवारणी झाली का, ते विचारा. पांढरी पिल्लं बाहेर टाकलेली दिसली तर उपासमार किंवा रोग, जाणकाराला दाखवा. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही बघा. नाहीतर मुंग्या चढल्याच!

पावसाळ्याचं काय?

भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीकडे पाऊस लागला की माश्या दिवसदिवस बाहेर पडत नाहीत. दार शांत म्हणजे वसाहत मेली असं नाही. उघडीप मिळाल्यावर बघा. तेव्हाही हालचाल नसेल तर मागून पेटी हलकेच उचला. हलकी लागली म्हणजे साठा संपत आलाय, पाक द्या.

दार सगळंच सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. अंडी, रोग, मेणकिडा यांची खात्री पेटी उघडूनच होते. फक्त आता तुम्ही उघडाल ते कारण ठरवून, धूर देऊन आणि चटकन बंद करण्यासाठी.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत पाच रकाने आखा : तारीख-वेळ, हवामान, मिनिटाला परागवाल्या माश्या, दारातली हालचाल, खाली काय पडलंय. सात दिवस लिहा. किराणा दुकानदार गिऱ्हाईक बघून दिवसाचा धंदा ओळखतो ना, तसंच हे आहे.

अजून पेट्या घेतल्या नसतील तर आधी प्रशिक्षण घ्या. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेची माहिती जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात मिळते. महाबळेश्वरला मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आणि सुरुवात दोन पेट्यांनी करा. एकच असेल तर तुलना कशाशी करणार?

चला, उद्या सकाळी चहाचा कप घ्या आणि पेटीच्या बाजूला जाऊन बसा. झाकणाला हात लावायचा नाही!