हवामान बदल आणि आपल्या शेतातील धूर



मृग कोरडा जाणे, सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ देणे आणि काढणीला आलेले पीक परतीच्या पावसात भिजणे, हे अनुभव हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत परिचयाचे आहेत. एका वर्षाच्या लहरी पावसाला हवामान बदल म्हणता येत नाही. परंतु दीर्घकाळाच्या नोंदींनुसार १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. ही वाढ माणसाच्या व्यवहारांमुळे झाली आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडण्याची शक्यता वाढते.

तापमान का वाढते?

जमिनीतून परत जाणारी उष्णता काही वायू पांघरुणासारखी अडवून धरतात. त्यात कर्ब वायू (कार्बन डायऑक्साईड) प्रमुख आहे. हवेतील त्याचे प्रमाण १७५० च्या सुमारास दहा लाख भागांत २८० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले. कोळसा, डिझेल व पेट्रोल जाळणे हे याचे मुख्य कारण आहे. जगातील अशा सर्व वायूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा शेती व जंगलतोडीतून येतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा त्यात अत्यल्प आहे, नुकसान मात्र त्याच्याच पदरी पडते. म्हणून आपला वाटा तपासावयाचा तो दोष देण्यासाठी नव्हे, तर वायूबरोबर हवेत जाणारा आपला पैसा वाचविण्यासाठी.

युरियाच्या एका पोत्याचा हिशेब

४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. दिलेल्या नत्रापैकी सरासरी १ टक्का नायट्रस ऑक्साईड वायूच्या रूपाने उडून जाते, असे धरले जाते. म्हणजे एका पोत्यातून सुमारे ३२५ ग्रॅम वायू तयार होतो. हा वायू कर्ब वायूच्या २७३ पट उष्णता धरतो. त्यामुळे या ३२५ ग्रॅमचा परिणाम सुमारे ९० किलो कर्ब वायूएवढा होतो. पाणी साचलेल्या भारी काळ्या जमिनीत हे नुकसान अधिक होते.

काडीकचरा जाळू नका

पीक वाढताना हवेतून घेतलेला कर्बच जळताना परत जातो, हे खरे आहे. परंतु धुराबरोबर मिथेन, नायट्रस ऑक्साईड व काजळी जाते. काडीकचऱ्यातील बहुतेक नत्र उडून जाते आणि जमिनीला मिळू शकणारा सेंद्रिय कर्बही जातो.

काय करावे?

१) सोयाबीनच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम जिवाणूसंवर्धक १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावे. उभ्या पिकास युरियाचा वरखताचा हप्ता देऊ नये. त्याने पीक माजते, शेंगा वाढत नाहीत.

२) हळदीस नत्र हप्त्यांनी द्यावे व भरणीच्या वेळी मातीआड करावे. खताची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी.

३) उसाचे पाचट सरीत पसरून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. येथे युरिया कुजविण्यासाठी लागतो.

४) पऱ्हाटीचे यंत्राने बारीक तुकडे करून कंपोस्ट खड्ड्यात कुजवावेत.

५) वसमत भागात हळद शिजविताना उघड्या कढईऐवजी वाफेच्या बॉयलरचा वापर करावा. सरपण व वेळ दोन्ही वाचतात. सरपणासाठी बांधावरील उभे झाड तोडू नये.

६) अनावश्यक नांगरट टाळावी. एक लिटर डिझेल जाळल्यास सुमारे २.७ किलो कर्ब वायू निघतो.

एका गावाने एवढे केले म्हणून जगाचे तापमान उतरणार नाही. त्यासाठी कोळसा व तेल जाळणाऱ्यांनाच आवर घालावा लागेल. परंतु सेंद्रिय कर्ब वाढलेली जमीन पाणी अधिक धरते आणि पावसाने ओढ दिली तर पीक काही दिवस अधिक तग धरते. पुढील हंगामात आगपेटी हाती घेण्यापूर्वी एवढा हिशेब जरूर करावा.