गर्भाशयमुखाचा कर्करोग : वेळेवर पाहिला तर थांबणारा रोग



ऊस विकास विभागाच्या या पानावर एरवी आम्ही लागण, खते, पाणी आणि खोडवा यांचीच माहिती देतो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तोही आपल्या घरातलाच आहे. मिरजगाव गटात बांधावर बोलणे निघाले की उसावरच्या रोगाबद्दल माणसे तासभर विचारतात. घरातल्या बाईमाणसाच्या दुखण्याचा विषय आला की मात्र मान खाली जाते. बायका दुखणे अंगावर काढतात आणि पुरुष विचारत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला हीच गप्प बसण्याची सवय सोयीची पडते. २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे होते.

रोग कशाने होतो?

गर्भाशयाच्या पिशवीचे खालचे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. तेथे होणाऱ्या कर्करोगाच्या मुळाशी जवळजवळ नेहमीच एक विषाणू असतो. त्याचे नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार सुमारे ७० टक्के रोगाला कारण होतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच. पुरुषाला बहुधा काही त्रास होत नाही, पण तो विषाणू पुढे पोहोचवतो. विषाणू वर्षानुवर्षे गुप्तही राहतो, म्हणून तपासणीत तो सापडला तर बाईच्या वागणुकीवर संशय घेणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. दहांपैकी नऊ जणींच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो. त्यांच्या गर्भाशयमुखावरच्या पेशी हळूहळू बिघडतात आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, विशेषतः एचआयव्ही असेल, तर हा काळ बराच कमी होतो.

उसावरची काणी आठवा. शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडलेला दिसतो, तेव्हा रोग आत शिरून कितीतरी दिवस झालेले असतात. येथेही तसेच आहे. पाळी नसताना रक्त जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, अंगावरून घाण वासाचे पाणी जाणे, ही लक्षणे दिसली की बहुधा रोग पुढे गेलेला असतो. काणीचा चाबूक दिसायला काही महिने लागतात. येथे आपल्याला सावध व्हायला दहा-पंधरा वर्षे मिळतात. एवढी सवड देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल.

शेजारच्या जिल्ह्यांनी काय दाखवले?

आपल्या जामखेडला लागून भूम तालुका, त्याच्या पुढे परांडा आणि बार्शी. या तीन तालुक्यांतील गावांसाठी १९८७ साली बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत. महागडे यंत्र नव्हते, फक्त बोलणे होते. तरीही काही वर्षांत पूर्वीपेक्षा जास्त बायका रोग लवकरच्या अवस्थेत असताना दवाखान्यात येऊ लागल्या.

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी झाली त्या गटात सुमारे ३४ हजार स्त्रियांमध्ये या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात अशी तपासणी मोहीम नव्हती तेथे सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांमध्ये ६४ मृत्यू झाले. आयुष्यातल्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि तेही आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायकांमध्ये.

दुसरी स्वस्त पद्धत ॲसिटिक आम्लाची. गर्भाशयमुखाला सौम्य आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी, लावतात. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. धाराशिवच्या अभ्यासात ही तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने १९९८ पासून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, दहावी शिकलेल्या प्रशिक्षित महिलांकडून करून घेतली. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही तपासणी एकदा करून भागत नाही, ठरल्या मुदतीने पुन्हा करावी लागते.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

काणीचे बेट आपण उपटून जाळतो. बाईच्या शरीराला हा न्याय लावू नये. पांढरे जाते, कंबर दुखते, "पुढे कॅन्सर होईल" एवढ्या भीतीवर पिशवी काढून टाकण्याची रीत आपल्या भागात पडली आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहातली एक. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बायकांत त्या भागातल्याही आहेत. पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होते व औषधाने बरे होते. तपासणीत पेशी बिघडलेल्या सापडल्या तरी बहुतेकदा तेवढाच भाग उष्णतेने किंवा गोठवून नष्ट करतात आणि बाई त्याच दिवशी घरी येते. कमी वयात पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर पाळी अकाली जाते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून आधी तपासणी, लेखी रिपोर्ट आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला. त्यानंतरच ऑपरेशनचा विचार.

मुलींसाठी लस

बेणेप्रक्रिया लागणीच्या आधी करायची असते, उगवल्यावर नाही. एचपीव्हीची लसही तशीच आहे. विषाणूशी संबंध येण्याआधी, ९ ते १४ वर्षे वयात दिली तर ती उत्तम काम करते. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. या वयात एक डोसही चांगले संरक्षण देतो, असे २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. त्यामागे जे पुरावे आहेत, त्यांत बार्शी आणि पुण्यासह भारतातील मुलींवर झालेला अभ्यासही आहे. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवू नये.

सभासदांनी काय करावे?

१. घरातील ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची तपासणी करून घ्यावी. शासनाच्या कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. आपल्या गावच्या आशाताईंना दिवस व ठिकाण विचारावे.
२. त्रास नाही म्हणून थांबू नये. तपासणी त्रास नसतानाच करायची असते.
३. वर सांगितलेले कोणतेही लक्षण दिसल्यास पुढच्या शिबिराची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.
४. मुलीच्या लसीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.
५. आपल्या फडावरच्या टोळीतील बायकांना तपासणीच्या दिवशी सुट्टी मिळेल, हे मुकादमाशी बोलून पाहावे. त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी केलेली होती. म्हणजे गावात तपासणी न झालेल्या घरांचा शोध घ्यायची गरजच नाही. सुरुवात आपल्याच घरापासून करायची आहे. हे पान वाचून झाल्यावर घडी घालून ठेवू नये. घरात मोठ्याने वाचून दाखवावे, ही सर्व सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी, मिरजगाव गट