दुष्काळ, युद्ध आणि पाण्याची पाळी

या पानावर एरवी उसाची लावण, शेणखत, लहान मुलांची हगवण अशा विषयांची माहिती असते. या वेळी आम्ही रेडिओवरील एका मालिकेची शिफारस करीत आहोत. तिचा शेतीशी व आरोग्याशी संबंध काय, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

सीबीसी ही कॅनडाची सार्वजनिक नभोवाणी, आपल्या आकाशवाणीसारखी. तिच्या 'आयडियाज' या कार्यक्रमात ग्विन डायर यांची 'क्लायमेट वॉर्स', म्हणजे 'हवामानाची युद्धे', ही तीन भागांची मालिका झाली. डायर हे लष्करी इतिहासाचे अभ्यासक व पत्रकार. याच नावाचे त्यांचे पुस्तक 2008 साली निघाले. शास्त्रज्ञ, सेनाधिकारी व राज्यकर्ते यांना भेटून त्यांनी एकच प्रश्न लावून धरला: पृथ्वी आणखी दोन-तीन अंशांनी तापली, तर माणसांचे आपसात काय होईल? त्यांचे उत्तर असे की, पहिला घाव अन्नावर बसेल. पीक गेले की माणसे घर सोडतील, शेजारचे देश सीमा बंद करतील, आणि एका नदीवर जगणारी राष्ट्रे एकमेकांवर शस्त्र उगारतील.

यामागचे शास्त्र अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून पाऊस आला तर धो धो येतो, आणि मध्ये मोठी उघडीप पडते. पेरलेले बी दोन्ही वेळा मरते.

डायर यांच्या पुस्तकात भविष्यकाळातील काही कल्पित प्रसंग आहेत. त्यांतील एकात सिंधूच्या पाण्यावरून भारत व पाकिस्तान यांच्यात अणुयुद्ध पेटते. सिंधू जलकरार 1960 साली झाला. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे, अशी ती वाटणी. 1965, 1971 व 1999 ची युद्धे होऊनही तो करार टिकला. मात्र पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल 2025 मध्ये भारताने तो स्थगित केला. तेव्हा डायर यांचा प्रसंग केवळ कल्पना म्हणून झटकून टाकता येत नाही.

तरीही मालिका ऐकताना एक गोष्ट वाचकांनी मनात धरावी. पाणी आटले की युद्ध होतेच, असा समज करून घेऊ नये. सीरियाचे उदाहरण पाहा. तेथे 2006 ते 2010 या काळात भीषण दुष्काळ पडला, शेतकरी शहरांकडे लोटले, आणि 2011 साली यादवी सुरू झाली. काही शास्त्रज्ञांनी या दोहोंचा संबंध जोडला. इतर अभ्यासकांनी हरकत घेतली, आणि ती आम्हाला वजनदार वाटते. भूजल आधीच बेसुमार उपसले होते, डिझेलवरील सवलत सरकारने काढून घेतली होती, आणि दाद मागायला जागा नव्हती. दुष्काळ ही ठिणगी असेल. गवत आधीच वाळलेले होते.

आपल्याकडेही हेच दिसते. मार्च 2016 मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती पाचांहून अधिक माणसांनी जमू नये, असा 144 कलमाचा हुकूम निघाला. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पहिले 5 लाख लिटर पाणी पोहोचले. त्याच जिल्ह्यात उसाचे मळेही होते! पाऊस कमी पडला हे खरे. पण असलेल्या पाण्याची वाटणी कोणी केली, हाही प्रश्न आहे. गोदावरीवर नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद जुना. आता तेथे नियम असा की, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. नियमामुळे कुरकुर थांबली नाही, कज्जे कोर्टात जातात. पण भांडायला एक ठरलेली जागा झाली.

कडोदऱ्याच्या आमच्या वाचकांत खानदेशातून गिरण्यांत व मागावर कामास आलेली कुटुंबे बरीच आहेत. त्यांना फड पद्धत ठाऊक असेल, निदान आजोबांना असेल. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर गावकऱ्यांनी बंधारे घातले, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडले. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. दोघांनाही गाव नेमी. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवीत. शेतकऱ्यांची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे, त्यामुळे तोटा एकट्याच्या माथी बसत नसे. शेकडो वर्षे हे चालले. पांझरा तापीला मिळते. मोसम व आराम गिरणेला मिळून पुढे तापीलाच येतात. म्हणजे उकाईतून आपल्या उसाला येणाऱ्या पाण्यात त्यांचाही अंश आहे.

आरोग्याचे थोडक्यात. पाणी तुटले की साठवण वाढते, हात धुणे कमी होते, आणि हगवण आधी लहान मुलांना गाठते. साठवणाचे भांडे झाकलेले असावे, पाणी काढायला दांड्याचे ओगराळे असावे. उलट, 7 ऑगस्ट 2006 सारखा तापीचा पूर आला, तर साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नये; उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. पायाला चीर असेल तर धोका अधिक. ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मालिका इंग्रजीत आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ती मोबाइलवर शोधून ऐकावी, आणि एकेका भागाचा सारांश घरच्यांना मराठीत सांगावा. तिन्ही भाग एका बैठकीत ऐकू नयेत, जीव घाबरा होतो. आणि आखाजीला गावी जाल तेव्हा एखाद्या वयस्क शेतकऱ्याजवळ बसून विचारा: तुमच्या बंधाऱ्यावर पाटकरी कसा नेमीत, त्याला मजुरी धान्यात मिळे की पैशात, आणि पाण्याची चोरी झाली तर दंड काय होता. उत्तरे लिहून आणावीत. आम्ही ती याच पानावर छापू.